अकरा वड्या, सतरा लाडू

डब्यात तिळगुळाच्या छप्पन्न वड्या होत्या. सात थर, प्रत्येक थरात आठ, मध्ये बटरपेपर. सांगलीत डबा भरताना मीच मोजल्या होत्या. जहाजाच्या केबिनमध्ये कुमुदमावशीनं झाकण उघडलं तेव्हा अख्ख्या अकरा उरल्या होत्या. बाकी पंचेचाळीस वड्यांचा चुरा झाला होता.

"बसनं वाट लावली बघ," मावशी म्हणाली. पण ती चुऱ्याकडे बघून थांबणाऱ्यातली नव्हती. तिनं बेसिनमध्ये गरम पाणी सोडलं, डबा त्यात ठेवला आणि पिशवीतून मेतकुटाच्या पुडीशेजारची तुपाची बाटली काढली. गूळ जरा मऊ झाल्यावर दोन चमचे तूप घातलं आणि पलंगावर वर्तमानपत्र पसरून लाडू वळायला बसली.

"हात धुतलेस?" मी विचारलं.

"आत्ता तुझ्यासमोर धुतले की."

नळाखाली धरले होते. साबण लावला नव्हता. जहाजावर जेवणघराच्या प्रत्येक दारात हातावर चोळायचं जेल होतं, ते तिला फार आवडलं होतं. येताना तेही तिनं चोळलं होतं. मी मायक्रोबायॉलॉजीत नुकतीच एम.एस्सी. झाले होते. ते जेल कशाकशावर चालत नाही हे मला पाठ होतं.

"मावशी, साबणानं धू परत."

"झालं तुझं कॉलेज सुरू. दहा लाडू झाले आता, ते काय फेकू?"

सतरा लाडू झाले. अकरा वड्या, सतरा लाडू. आम्ही महिला मंडळाच्या अठ्ठावीस बायका होतो.

"अठ्ठावीस," मावशी म्हणाली. "देवानं मोजून मोडल्यात."

मी लाडवांसाठी ताट पुसून पुढे केलं. तिच्या चेहऱ्यावर ते हसू मी नऊ वर्षांनी बघत होते.

ही गोष्ट मी तेवीस वर्षांची असतानाची. आई गेल्यानंतर मावशीनंच मला वाढवलं. नऊ वर्षांपूर्वी काका गेले तेव्हापासून ती हळदीकुंकवाला कुणाकडे जात नव्हती, म्हणजे तिला कुणी बोलवत नव्हतं. मंडळाच्या बाकी सगळ्या कामांत ती पुढे असे. सहलीची यादी तिची, बस तिनं ठरवलेली, मुंबईहून लक्षद्वीपला जाऊन परत येणाऱ्या या जहाजाची माहितीही तिनंच काढलेली. "चारी बाजूंनी पाणी आणि जमीन कुठंच नाही, असं एकदा बघायचंय," एवढंच ती म्हणायची. पण ट्रंकेतून काका असतानाचा चांदीचा करंडा काढून तिनं बॅगेत टाकला, तेव्हा तिच्या मनात काय आहे ते मला कळलं.

संक्रांतीचं हळदीकुंकू जहाजावर करू का, असं तिनं मंडळाच्या अध्यक्षा मगदूमकाकूंना बसमध्येच विचारलं होतं. मगदूमकाकू थोडा वेळ खिडकीबाहेर बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "करा की कुमुदताई. समुद्रात कोण बघायला येतंय?"

हे बोलणं कराडच्या अलीकडे झालं. कराडला मावशीला पहिली उलटी झाली. साताऱ्याला दुसरी, खंबाटकीत तिसरी.

"गाडी लागली," ती सगळ्यांना म्हणाली. मलाही तेच म्हणाली. पण आदल्या संध्याकाळी ती घरी चार वेळा संडासला जाऊन आली होती. त्याच्या आदल्या दिवशी शेजारच्या बारशाला आम्ही दोघी जेवायला जाणार होतो. मी ऐनवेळी गेले नाही. त्या बारशाला जेवलेल्यांपैकी आणखी चौघं आजारी होती. हे मला शेजारच्या वहिनींनी निघताना जिन्यात सांगितलं होतं.

बंदरावर प्रत्येक प्रवाशाला एक फॉर्म भरायचा होता. त्यात एक प्रश्न होता: गेल्या अठ्ठेचाळीस तासांत आपल्याला उलटी किंवा जुलाब झाले आहेत काय? मावशीनं चष्मा पिशवीत ठेवला होता. तिचा फॉर्म मी भरला. तिथली बाई म्हणाली होती की 'हो' असेल तर डॉक्टर तपासतील, कदाचित जहाजावर घेणार नाहीत. मावशी रांगेत उभी राहून काचेतून जहाजाचे मजले मोजत होती. "बारा," ती म्हणाली. "रेणू, बारा मजले आहेत गं. तरंगतंय कसं?"

मी 'नाही'वर खूण केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला बरं वाटत होतं. त्या दिवशी जहाज कुठंच थांबणार नव्हतं. नाश्त्याच्या मोठ्या दालनात आम्ही आमच्या दोन लांब टेबलांवर बसलो होतो. समोर पाव, सॉसेज, कापलेली फळं. आमच्या बायका पावाकडे नाराजीनं बघत होत्या. तेवढ्यात पांढऱ्या टोपीतला एक पंचेचाळिशीचा माणूस मोठं भांडं घेऊन आला.

"मावशीनू, पोहे चालतील काय?"

त्याचं आडनाव तांडेल. वेंगुर्ल्याचा. बारा वर्षं जहाजांवर स्वयंपाक करत होता. काल आम्हाला मराठीत बोलताना ऐकून त्यानं आज स्वतःच्या मनानं पोहे केले होते, वर ओलं खोबरं आणि कोथिंबीर.

"मुख्य शेफना सांगितलेलं नाही," तो हळूच म्हणाला. "मेनूत नसलेलं लेखी परवानगीशिवाय करायचं नसतं. तुम्ही लवकर संपवा म्हणजे झालं."

सगळ्यांनी खाल्ले. मगदूमकाकूंनी "मीठ थोडं जास्त" म्हणत बशी बाजूला सारली, पण अर्धी संपवूनच. तांडेल मावशीजवळ उभा राहून बोलत होता. पुढच्या महिन्यात त्याला मोठ्या जहाजावर बढती मिळणार होती. नाश्त्याचा सगळा विभाग त्याच्या हाताखाली येणार होता. "बारा वर्षं अंडी फोडली मावशी," तो म्हणाला. "आता दुसरे फोडतील आणि मी बघीन."

दुपारी चारला हळदीकुंकू झालं. केबिन एवढीशी; पाच-पाच जणी आत येत, बाकीच्या बाहेर त्या लांब गालिच्यावर उभ्या. मावशीनं हिरवी इरकल नेसली होती. तिनं करंडा उघडला आणि पहिलं बोट कुंकवात घालताना तिचा हात थांबला. मगदूमकाकूंनी स्वतःच कपाळ पुढे केलं. मग पुढचं सगळं सुरळीत झालं. वाण म्हणून प्रत्येकीला एक गाळणी.

तिळगुळाचं ताट माझ्या हातात होतं. कुणाला काय द्यायचं ते मावशीनं आधी सांगून ठेवलं होतं. अख्ख्या वड्या मानाच्या. मगदूमकाकू धरून कमिटीतल्या नऊजणींना नऊ, सगळ्यांत वयस्कर घोरपडेआजींना एक, आणि अकरावी मला. "तू घरचीच आहेस, पण लेकीला चुरा कसा देऊ?" बाकी सोळाजणींना लाडू. मावशीनं स्वतः काही खाल्लं नाही. पोट अजून धड नव्हतं.

शेवटी ताटात एक लाडू उरला.

"तो त्या तांडेलला," मावशी म्हणाली. "सकाळी त्यानं आपल्याला पोहे दिले, सणाचं त्याच्या तोंडात काही पडलं नसेल."

संध्याकाळी सहाला तिनं तो रुमालात बांधून नेला. मी बरोबर होते. तांडेलनं इकडेतिकडे बघून तो एका घासात तोंडात टाकला आणि हात जोडले.

वरच्या डेकवर आम्ही दोघी कठड्याला टेकून उभ्या राहिलो. चारी बाजूंनी पाणी होतं. मावशी बराच वेळ गोल फिरून बघत होती.

"मगदूमवहिनी काय म्हणाल्या माहीत आहे?" ती म्हणाली. "पुढच्या वर्षी मंडळाचं हळदीकुंकू माझ्याकडे. सगळ्यांसमोर म्हणाल्या."

बुधवारी बेट बघून आलो. संध्याकाळी सात-चाळीसला जेवणाच्या टेबलावर पहिली बाई उठून पळाली. गुरुवारी दुपारी बारापर्यंत आमच्यातल्या तेराजणी आजारी होत्या. जहाजावर त्या फेरीत एक हजार सहाशे बेचाळीस प्रवासी होते. बाकी कुणालाही काही झालं नव्हतं.

जहाजाच्या डॉक्टर केरळच्या होत्या, रोझलिन नावाच्या, पन्नाशीच्या, बोलायला शांत. आमच्यातल्या बऱ्याच जणींचं हिंदी त्यांना कळेना. मी मायक्रोबायॉलॉजीची आहे हे कुणीतरी सांगितलं आणि त्यांनी मला बोलावून घेतलं.

"तुझ्यासारखं माणूस मिळालं हे माझं नशीब," त्या म्हणाल्या आणि अठ्ठावीस छापील कागद माझ्यासमोर ठेवले. काय खाल्लं, कधी खाल्लं, त्रास कधी सुरू झाला. नववा प्रश्न होता: बाहेरचे खाद्यपदार्थ जहाजावर आणले किंवा खाल्ले काय?

मास्क लावून मी केबिन-केबिन फिरले. जहाजावर घरचं खाणं आणायला बंदी होती आणि मंडळातली एकही बाई ते आणल्याशिवाय आली नव्हती. नववा प्रश्न वाचला की प्रत्येकीची नजर स्वतःच्या बॅगेकडे जायची.

"नाही बाई," पलंगाखाली चिवड्याचा डबा असलेली एक म्हणाली.

"शेंगदाण्याची चटणी म्हणजे काय खाणं झालं का?" दुसरी म्हणाली. "नाही लिही."

लाडवाचं कुणाच्या डोक्यातही आलं नाही. तिळगूळ हे खाणं आहे असं कुणी धरतच नाही. तो हातावर ठेवतात आणि गोड बोला म्हणतात.

अंजलीताई म्हणून एक होत्या, सलाइन लावलेल्या. त्यांनी मला जवळ बोलावलं. "खरं सांगू? कुंकू लावून घेतानाच मला कसंतरी झालं होतं. नऊ वर्षांनी तिनं करंड्याला हात लावला आणि लगेच हे. मी म्हणत नाही काही. पण मनात येतं ना. तू लिहू नकोस हं हे."

"नाही लिहीत," मी म्हणाले.

मी अठ्ठावीस कागदांवर नवव्या प्रश्नासमोर 'नाही' लिहिलं. माझी स्वतःची एक वही होती. त्यात नावांपुढे मी पेन्सिलीनं दुसरंच एक अक्षर लिहीत गेले.

केबिनमध्ये मावशी पलंगाच्या कडेवर बसली होती. करंडा परत फडक्यात गुंडाळून ठेवलेला.

"रेणू, माझ्यामुळं नाही ना गं?"

"तुला गाडी लागली होती."

"तसंच ना? मला तेच वाटलं." ती आडवी झाली. "तू शिकलेली आहेस म्हणून विचारलं."

चार वाजता मी कागद घेऊन डॉक्टरांकडे गेले. त्यांनी अर्धा तास ते चाळले.

"आजारी फक्त तुमच्यातले. आणि फक्त तुम्ही खाल्लेला असा एकच पदार्थ आहे, मंगळवारचे पोहे. तो आचारी, तांडेल, त्यालाही काल साडेआठला त्रास सुरू झाला. खोबरं त्यानं हातमोजे न घालता भुरभुरलं होतं. स्वतःच कबूल केलं त्यानं. वर परवानगी नव्हती."

मी वही मिटून मांडीवर ठेवली.

"तुमच्या अध्यक्षीणबाई म्हणतात, आम्ही कमिटीवाल्यांनी पोहे कमी खाल्ले म्हणून वाचलो. गंमत आहे, कमिटीतल्या एकीलाही काही झालेलं नाही." त्यांनी पहिल्या दिवशीच्या फॉर्मची फाइल उघडली. "जहाजावर चढताना सगळ्यांनी 'नाही' लिहिलंय."

"हो. लिहिलंय," मी म्हणाले.

त्यांनी पेन खाली ठेवलं.

"एकच गोष्ट मला खटकते. त्याच्यापासून सुरू झालं असेल, तर तो आधी आजारी पडायला हवा होता. तो तर तुमच्या बायकांच्या बरोबरच पडला. जणू त्यानंही तेच खाल्लं, जे त्यांनी खाल्लं." त्या माझ्याकडे बघत होत्या. त्या बघण्यात संशय नव्हता. एका विषयातलं माणूस दुसऱ्याकडे बघतं तसं होतं ते. "तुला काय वाटतं?"

खोलीत एक भिंतीवरचं घड्याळ होतं. सेकंदकाटा सरकत होता. माझी वही माझ्या मांडीवर होती. ती टेबलावर ठेवायला मला एक सेकंद लागला असता.

"लक्षणं दिसायच्या आधीपासूनही माणूस विषाणू पसरवू शकतो," मी म्हणाले. "आणि पोहे त्यानंही चाखले असतीलच."

"चाखले असतील," त्या म्हणाल्या. "बरोबर. तसं बसतं." त्यांनी पेन उचललं. "अहवालात तुझं नाव लिहिते मी. चांगलं काम केलंस."

शुक्रवारी सकाळी जहाज मुंबईला लागलं. उतरायच्या दारापाशी रांग होती. मावशी मगदूमकाकूंच्या बरोबर पुढे होती. काकूंनी तिची बॅग धरली होती. बाजूला भिंतीला लागून एक बाक होता. त्यावर तांडेल बसला होता, मास्क लावून, पायाशी मोठी निळी बॅग. जवळ एक सुरक्षारक्षक उभा होता. पांढरी टोपी नव्हती म्हणून मला तो आधी ओळखू आला नाही.

"ताई," त्यानं हाक मारली. "मावशी बऱ्या आहेत ना?"

"बऱ्या आहेत."

"घोरपडेआजी?"

"त्यांना काही झालंच नव्हतं."

"बरं झालं. म्हाताऱ्या माणसाचं काय होईल सांगता येत नाही." त्याचे डोळे खोल गेले होते. "ताई, तुम्ही यातलंच शिकलाय ना? एक विचारू? मी रोज तीन वेळा हात घासतो. त्या दिवशीही घासले होते. खोबऱ्याचं चुकलं, मान्य. पण हातावर आलं कुठून? मला काही होत नव्हतं हो तोपर्यंत. झोपच लागत नाही. बारा वर्षांत माझ्या हातून कुणाला साधी जळजळ झाली नाही."

रांग एक पाऊल पुढे सरकली.

"कधी कधी विषाणू अंगात आधीपासून असतो," मी म्हणाले. "कळत नाही."

"म्हणजे माझ्यातच होता?"

"असू शकतो."

त्यानं मान हलवली. दोनदा. "मग ठीक. निदान कारण कळलं." मग त्यानं आवाज उतरवला. रक्षक दुसरीकडे बघत होता. "मावशींना सांगा, लाडू झक्क होता. डॉक्टरांना मी त्याचं बोललो नाही. प्रवाशाकडून काही घ्यायचं नसतं आम्हाला. आणि त्यांनी घरचं आणलेलं कळलं असतं तर उगीच त्या अडचणीत आल्या असत्या. माझं तर झालंच होतं, त्यांना कशाला?"

"रेणू, चल की," मावशीनं पुढून हाक मारली. तिनं तांडेलला पाहिलं आणि लांबूनच हात हलवला. त्यानंही हलवला.

मी पायऱ्या उतरले. एकोणीस पायऱ्या होत्या.

बाराव्या दिवशी डॉक्टरांचा मेल आला. तांडेलच्या नमुन्यात नोरोव्हायरस सापडला होता, तेव्हा निष्कर्ष पक्का झाला. कंपनीनं त्याला कामावरून काढलं होतं. स्वयंपाकघरात असा शेरा बसलेल्या माणसाला दुसरं जहाजही घेत नाही, असं त्यांनी हळहळून लिहिलं होतं. शेवटी माझे पुन्हा आभार. मी त्या मेलला उत्तर दिलं. दोन ओळींचं. आभारी आहे, असं.

याला आता दहा वर्षं होतील. मी पिण्याच्या पाण्याच्या सरकारी प्रयोगशाळेत आहे. गावोगावच्या विहिरींचे नमुने येतात, मी आकडे लिहिते, सही करते. माझ्या सहीवर विहिरी बंद होतात आणि उघडतात. एकदा कामानिमित्त वेंगुर्ल्याला जायचं होतं. मी सहकाऱ्याला पाठवलं.

मंडळाचं हळदीकुंकू तेव्हापासून दरवर्षी मावशीकडे असतं. आता तर नवरा गेलेल्या आणखी सहा-सात जणी येतात, कुंकू लावून घेतात, लावतात; मगदूमकाकूंनीच तसं सुरू केलं. मावशी दर वर्षी छप्पन्न वड्या करते. थापताना हमखास म्हणते, "तो तांडेल आता मोठा साहेब झाला असेल, नाही का गं?" मी ताटं पुसत असते. "असेल," मी म्हणते.

यंदा कपाट आवरताना ती वही निघाली. अठ्ठावीस ओळी, सत्तावीस बायकांच्या आणि खाली एक तांडेलची. पोह्यांच्या रकान्यात सगळीकडे बरोबरची खूण. पुढच्या रकान्यात पेन्सिलीनं 'ल' किंवा 'व'. बेरीज मी जहाजावर केली नव्हती. ती केली.

वडी खाल्लेले अकरा, आजारी शून्य. लाडू खाल्लेले सतरा, आजारी चौदा.